ऑलिम्पियाचं सोवळं आणि गेटाफिक्सचा काढा

ऑलिम्पिकचं वर्ष आलं की एक मजकूर हमखास फिरू लागतो. शब्द इकडचे तिकडे होतात, सार तेच राहतं. प्राचीन ग्रीसमध्ये ऑलिम्पिया इथे भरणारं ऑलिम्पिक म्हणजे खेळाचा निर्मळ यज्ञ. पैसा नाही, फक्त ऑलिव्हच्या पानांचा मुकुट. स्पर्धा जाहीर झाली की साऱ्या ग्रीसमधली युद्धं बंद. फसवणूक कुणाच्या मनालाही शिवत नसे. जिंकण्यापेक्षा भाग घेणं मोठं. स्त्रियांना मात्र तिथे काहीच स्थान नव्हतं. पुढे पैसा आला, औषधं आली आणि सगळं नासलं. अलीकडे या मजकुराला एक शेपूटही जोडलेलं दिसतं: ॲस्टेरिक्सच्या कॉमिकने या पवित्र परंपरेची टवाळी केली, त्यात रोमन खेळाडू, उत्तेजक काढे आणि लबाड्या घुसडल्या, तेव्हा मुलांच्या हाती ते देऊ नका.

या शेपटामुळेच लिहायला बसलो. बाकीच्या मजकुराकडे दर वेळी काणाडोळा करता येतो, पण एका चांगल्या पुस्तकावर खोटा आळ आला की राहवत नाही.

ज्यांनी ते वाचलं नसेल त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात. लेखक रने गोसिनी, चित्रकार आल्बेर उदेर्झो, साल १९६८. सीझरने सगळा गॉल, म्हणजे साधारण आजचा फ्रान्स, जिंकलाय. एक गाव मात्र हटून बसलंय. गावचा पुरोहित गेटाफिक्स एक काढा उकळतो आणि तो प्यायला की अंगात अचाट बळ येतं. शेजारच्या छावणीतल्या एका रोमन शिपायाची ऑलिम्पिकसाठी निवड होते. रानात सराव करताना याच गावचे ॲस्टेरिक्स आणि ओबेलिक्स त्याला सहज मागे टाकतात, तेव्हा पठ्ठ्याचं अवसानच गळतं आणि तो झाडू घेऊन छावणी झाडत बसतो. मग गावकऱ्यांना वाटतं, आपणच का जाऊ नये? परक्यांना बंदी असली तरी रोमनांना मुभा आहे, आणि गॉल रोमच्या ताब्यात असल्यामुळे कागदोपत्री आपण रोमनच! गावातले सगळे पुरुष निघतात, बायकांना घरी ठेवलं जातं. तिथे पोहोचल्यावर कळतं की काढा पिऊन उतरायला बंदी आहे. सामने सुरू होतात, ग्रीक खेळाडू सगळंच जिंकतात. पाहुण्यांना अगदीच रिकाम्या हाती पाठवायला नको म्हणून पंच फक्त रोमनांसाठी एक वेगळी शर्यत ठेवतात. गॉलवाले काढ्याचं पिंप कुठे ठेवलंय हे मुद्दाम रोमनांच्या कानावर जाऊ देतात. रोमन खेळाडू रात्री जाऊन पितात, शर्यत जिंकतात आणि पकडले जातात, कारण गेटाफिक्सने काढ्यात रंग घातलेला असतो आणि सगळ्यांच्या जिभा निळ्या झालेल्या असतात.

माझं म्हणणं एवढंच की हे हसवणारं पुस्तक त्या भाविक मजकुरापेक्षा खऱ्या ऑलिम्पियाच्या कितीतरी जवळ आहे. आता एकेक दावा घेऊ.

'पैसा नव्हता, केवळ पानांचा मुकुट होता'

या दाव्याच्या पाठीशी एक प्रसंग असतो आणि तो खरोखर हेरोडोटसच्या इतिहासात आहे. इ.स.पू. ४८०, थर्मोपिलीची लढाई नुकतीच झालेली. आर्केडियाचे काही ग्रीक इराणी सम्राट झर्क्सिसच्या तळावर येतात. ग्रीक लोक सध्या काय करताहेत, असं त्यांना विचारलं जातं. ते सांगतात, ऑलिम्पिक चालू आहे, बक्षीस ऑलिव्हचा मुकुट. ते ऐकून एक इराणी सरदार उद्गारतो की हे कसल्या माणसांशी लढायला आणलंत आम्हाला, जे धनासाठी नव्हे, गुणासाठी झुंजतात!

प्रसंग सुंदर आहे. मात्र तो सांगताना दोन गोष्टी गाळल्या जातात. एक, ही माहिती देणारे आर्केडियन शत्रूच्या तळावर कशाला आले होते? हेरोडोटसच लिहितो की पोटापाण्याची ददात होती, काम हवं होतं. ग्रीकांना धनाचा मोह नाही ही ग्वाही आली ती शत्रूकडे चाकरी मागायला गेलेल्या ग्रीकांच्या तोंडून. दुसरी गोष्ट, त्याच ४८० सालच्या स्पर्धेत ऑलिम्पियाला काय चाललं होतं तेही नोंदलेलं आहे. थासोस बेटाचा थेआजेनिस मुष्टियुद्ध आणि पॅन्क्रॅशन या दोन्हींत उतरला. पॅन्क्रॅशन म्हणजे चावणं आणि डोळ्यांत बोटं घालणं सोडून बाकी जवळपास सगळं चालणारी झुंज. मुष्टियुद्धात त्याने युथिमोसला हरवलं, पण त्यात इतका दमला की पॅन्क्रॅशनला उभाच राहिला नाही. पंचांनी ठरवलं की हा मुष्टियुद्धात उतरला तो केवळ युथिमोसचा वचपा काढायला. त्याला एक टॅलेंट, म्हणजे भली मोठी रक्कम, दंड देवाला आणि एक युथिमोसला भरायला सांगितला. त्याच वर्षी धावण्यात गाजलेला आस्टिलोस मूळचा क्रोटोनचा, पण स्वतःला सिरॅक्यूजचा म्हणवून धावत होता. तिथल्या सत्ताधीशाची मर्जी राखायला, असं ग्रीक प्रवासवर्णनकार पॉसेनियस सांगतो. क्रोटोनच्या लोकांनी संतापून त्याचा पुतळा पाडला आणि त्याच्या घराचा तुरुंग केला. इराणी सरदाराचे डोळे भरून येत होते, त्या वेळची ही परिस्थिती.

ऑलिम्पियात मुकुटच मिळे हे अगदी खरं. पण मुकुट घेऊन खेळाडू घरी जात असे आणि खरा हिशेब तिथे होई. अथेन्सच्या सोलोनच्या कायद्यात ऑलिम्पिक विजेत्याला ५०० द्राख्मा ठरवलेले होते. चरित्रकार प्लुटार्क त्याच ठिकाणी सांगतो की तेव्हा एका मेंढीची किंमत एक द्राख्मा धरत. म्हणजे पाचशे मेंढरांचा कळप! शिवाय नगरभवनात जन्मभर फुकट जेवण. सॉक्रेटिसने खटल्यात शिक्षा सुचवायची वेळ आली तेव्हा हेच जेवण स्वतःसाठी मागितलं होतं, आणि घोड्यांच्या शर्यती जिंकणाऱ्यांपेक्षा मी त्याला जास्त लायक आहे असं वर सुनावलं होतं. ही सवलत सगळ्यांना तोंडपाठ होती म्हणून तर तो टोमणा लागला.

ऑलिम्पियाबाहेर तर उघड बक्षिसं होती. अथेन्सच्या पॅनाथेनिक खेळांत ऑलिव्ह तेलाचे कुंभ देत. इ.स.पू. चौथ्या शतकातल्या एका शिलालेखात मुलांच्या धावण्याच्या शर्यतीचं बक्षीस कोरलेलं आहे: पहिल्याला ५० कुंभ, दुसऱ्याला १०. एका कुंभात पस्तीसेक लिटर तेल मावे. एका पोराने पळून मिळवलेलं पावणेदोन हजार लिटर तेल घरच्या फोडणीत संपणारं नव्हतं, ते विकलंच जाई. आपल्याकडच्या जत्रेतला फड डोळ्यांसमोर आणा: नारळावरच्या कुस्तीपासून शेवटच्या लाखाच्या जोडीपर्यंत चढत जाणारं इनाम, आणि इनाम घेतलं म्हणून पैलवानाला कुणी कमअस्सल म्हणत नाही. ग्रीकांचंही तेच होतं.

रथांच्या शर्यतीत तर पैसाच धावत असे. मुकुट हाकणाऱ्याला नव्हे, घोड्यांच्या मालकाला मिळे. इ.स.पू. ४१६ मध्ये अथेन्सचा पुढारी अल्किबायडीस याने एकट्याने सात रथ उतरवले. पहिला, दुसरा आणि चौथा क्रमांक त्याचाच. पुढच्याच वर्षी सिसिलीच्या मोहिमेचं सेनापतिपद मागताना त्याने अथेन्सच्या सभेत हाच पराक्रम सांगितला.

आस्टिलोससारखं नगर बदलणंही एकदाच घडलं असं नाही. क्रीटचा सोटाडीस इ.स.पू. ३८४ ला लांब पल्ल्याची शर्यत क्रीटसाठी जिंकला. चार वर्षांनी एफेसस नगराने पैसे मोजले आणि तो एफेससचा झाला. क्रीटने त्याला हद्दपार केलं. आयपीएलच्या लिलावाला नावं ठेवणाऱ्यांनी हे जरूर वाचावं.

मग 'पैसा नव्हता' हे आलं कुठून? ते एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडमधून आलं. तिथल्या अमॅच्युअर ॲथलेटिक क्लबने १८६६ मध्ये हौशी खेळाडूची जी व्याख्या केली, तिच्यातून कारागीर आणि मजूर सरळ वगळले होते. हाताने काम करून पोट भरणाऱ्याने साहेबाच्या शेजारी धावू नये, हा त्यातला मुद्दा. या सोयीला भारदस्त पूर्वज हवे होते. ग्रीकांना ते करून टाकलं. डेव्हिड यंग या अमेरिकी अभ्यासकाने १९८४ मध्ये ही बनावट पुरावे देऊन उघडी पाडली, पण तोवर तिच्यापायी बऱ्याच जणांचं नुकसान होऊन गेलं होतं. जिम थॉर्प हा अमेरिकी आदिवासी खेळाडू १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिम्पिकमध्ये पेंटॅथ्लॉन (पाच खेळांची स्पर्धा) आणि डेकॅथ्लॉन (दहा खेळांची) ही दोन सुवर्णपदकं जिंकला. त्याआधी त्याने किरकोळ पगारावर बेसबॉल खेळल्याचं उघड झालं आणि १९१३ मध्ये पदकं काढून घेतली गेली. ती परत द्यायचं १९८२ मध्ये ठरलं; थॉर्प १९५३ मध्येच वारला होता. त्याच्याकडून त्याच स्पर्धांत हरलेला ॲव्हरी ब्रंडेज १९५२ ते १९७२ आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीचा अध्यक्ष होता आणि हौशी खेळाच्या तत्त्वाचा कट्टर राखणदार. त्याच्या वीस वर्षांत थॉर्पची पदकं परत मिळाली नाहीत, यात नवल नाही.

आपल्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ ला हेलसिंकीला कांस्यपदक आणलं, तेही लोकांनी वर्गणी काढून पाठवल्यावर. 'खेळात पैसा नको' हे वाक्य पैसा असलेल्या घरातूनच का ऐकू येतं, हे कराड-कोल्हापूरकडच्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही.

'फसवणूक कुणाच्या मनालाही शिवत नसे'

ऑलिम्पियाच्या मैदानात शिरायच्या वाटेवर दगडी चौथऱ्यांची एक रांग आजही आहे. एकूण सोळा. त्यांवर एके काळी झ्यूस या ग्रीक देवाचे काशाचे पुतळे होते, त्यांना 'झानेस' म्हणत. हे पुतळे दंडाच्या पैशातून उभारले होते आणि दंड होता लबाडी करणाऱ्या खेळाडूंचा. मैदानात जाणाऱ्या प्रत्येक खेळाडूने त्यांच्या समोरून जावं अशीच जागा निवडली होती. ज्यांच्या मनाला फसवणूक शिवत नाही, ते लोक सोळा पुतळे कशाला उभारतील?

पहिले सहा इ.स.पू. ३८८ चे. थेसलीच्या युपोलस नावाच्या मुष्टियोद्ध्याने तीन प्रतिस्पर्ध्यांना पैसे चारले. त्यांतला एक तर आधीच्या ऑलिम्पिकचा विजेता होता. आपल्याकडे याला नुरा कुस्ती म्हणतात. चौघांनाही दंड झाला आणि पहिल्या पुतळ्याखाली कोरलं गेलं की ऑलिम्पिकचा विजय पैशाने नाही, पायांच्या वेगाने आणि अंगातल्या ताकदीने मिळवायचा असतो. असं दगडात कोरून ठेवण्याची वेळ का आली असेल, ते वाचणाऱ्याने ओळखावं.

दुसरे सहा इ.स.पू. ३३२ चे आणि त्यांची हकीकत जास्त रंगतदार आहे. अथेन्सच्या कॅलिपसने पेंटॅथ्लॉनमध्ये प्रतिस्पर्ध्यांना लाच दिली. दंड झाल्यावर अथेन्सने लाजण्याऐवजी हायपेराइडीस हा आपला नामांकित वक्ता रदबदलीसाठी पाठवला. स्पर्धेचे यजमान, एलिस नगरवाले, बधले नाहीत. मग अथेन्सने दंडही भरेना आणि ऑलिम्पिकलाही येईना. शेवटी डेल्फीच्या देवस्थानाने बजावलं की दंड भरेपर्यंत तुम्हाला कोणत्याच प्रश्नाचा कौल मिळणार नाही. तेव्हा कुठे पैसे निघाले.

इ.स.पू. १२ मधला किस्सा पालकांनी वाचावा असा. मुलांच्या कुस्तीत एलिसच्या दामोनिकसने आपला मुलगा जिंकावा म्हणून समोरच्या मुलाच्या बापाला पैसे दिले. पंचांनी दंड ठोकला तो दोन्ही बापांना. दामोनिकस खुद्द यजमान एलिसचा, याचं पॉसेनियसला विशेष वाईट वाटलेलं दिसतं.

इ.स. ९३ मध्ये अलेक्झांड्रियाचा अपोलोनियस हा मुष्टियोद्धा उशिरा पोहोचला आणि वाऱ्याने गलबत अडकल्याची सबब सांगू लागला. त्याच्याच गावच्या हेराक्लिडीसने भांडं फोडलं: वारा बिरा काही नाही, हा आयोनियातल्या स्पर्धांत बक्षिसाचे पैसे गोळा करत बसला होता. अपोलोनियसला बाद केलं आणि हेराक्लिडीसला न लढताच मुकुट दिला. त्यावर अपोलोनियसने हाताला चामड्याचे पट्टे बांधले आणि मुकुट घालून पंचांपाशी उभ्या हेराक्लिडीसवर धावून गेला. ही एवढी चित्रं उदेर्झोने काढायची राहून गेली याची मला हळहळ वाटते.

याच अलेक्झांड्रियाचा सारापियन इ.स. २५ मध्ये पॅन्क्रॅशनच्या आदल्या दिवशी प्रतिस्पर्ध्यांच्या धास्तीने पळून गेला. भित्रेपणासाठी दंड झालेला तो एकटाच, अशी नोंद आहे. कॉमिकमधल्या झाडू घेऊन बसलेल्या शिपायाचा हा सख्खा भाऊ.

आणि हे सगळं शपथेनंतर बरं का. दोन्ही हातांत वज्र धरलेल्या झ्यूसच्या मूर्तीसमोर, रानडुकराच्या मांसाच्या तुकड्यांवर खेळाडू, त्यांचे बाप, भाऊ आणि वस्ताद शपथ घेत की आम्ही खेळात काही वावगं करणार नाही. रानडुक्कर म्हणजे जीव की प्राण असलेल्या कॉमिकमधल्या ओबेलिक्सने शपथेआधीच ते संपवलं असतं.

'उत्तेजक काढा कॉमिकवाल्यांनी घुसडला'

इथे मजकूर अर्धा बरोबर आहे आणि ते मान्य करायला हवं. प्राचीन ऑलिम्पियात अमुक पेय घेऊन उतरू नये असा आजच्यासारखा नियम नव्हता. कॉमिकमधली काढाबंदी ग्रीसची नाही, १९६८ सालची आहे. उन्हाळी ऑलिम्पिकमध्ये उत्तेजकांची चाचणी पहिल्यांदा झाली ती त्याच वर्षी मेक्सिकोत. तिथे पहिला बाद झालेला खेळाडू स्वीडनचा हान्स-गुनार लिल्येनवाल, आणि कारण काय, तर मद्य. नेमबाजीआधी हात स्थिर राहावा म्हणून बिअर प्यायलो, असं त्याने सांगितलं. निळी जीभ ही त्या नव्या चाचण्यांवरची थट्टा आहे; झ्यूसची टवाळी तिच्यात शोधून सापडणार नाही.

नियम नव्हता याचा अर्थ मोह नव्हता असा मात्र होत नाही. क्रोटोनचा मिलो हा मल्ल रोज वीस रत्तल मांस आणि तेवढीच भाकरी खातो, अशी ख्याती होती. आहारावर वस्तादांचे वाद चालत. आणि जादूटोणा तर सर्रास. अथेन्सच्या बाजारचौकातल्या एका विहिरीत शिशाच्या गुंडाळ्या सापडल्यात, इ.स. तिसऱ्या शतकातल्या. त्यांवर युटिकियानोस नावाच्या मल्लाला शाप दिलेत की तो गारठो, आखाड्यात पडो, त्याची फजिती होवो. काढा उकळणारा पुरोहित कल्पित असेल, पण मंत्रतंत्र करून कुस्ती मारू पाहणारी गिऱ्हाइकं अस्सल होती.

'रोमन तिथे कधी नव्हतेच'

इ.स.पू. ७२ च्या विजेत्यांची यादी उपलब्ध आहे आणि तिच्यात लांब पल्ल्याच्या शर्यतीपुढे गायस या रोमन माणसाचं नाव आहे. म्हणजे ॲस्टेरिक्सच्या गोष्टीच्या बावीस वर्षं आधी. कोरिंथजवळच्या इस्थमियन खेळांत तर रोमनांना इ.स.पू. २२८ पासून प्रवेश होता. रोमन सेनानी सुल्लाने इ.स.पू. ८० मध्ये एवढे खेळाडू रोमला बोलावून घेतले की ऑलिम्पियात एक धावण्याची शर्यत तेवढी उरली. त्याआधी त्याने देवळाचा खजिनाही लुटला होता. टायबेरियस पुढे सम्राट झाला, पण त्याआधीच त्याचा चार घोड्यांचा रथ ऑलिम्पियात जिंकलेला होता.

परक्यांनी कागदोपत्री आपलं व्हायची युक्तीही कॉमिकची नाही. मॅसिडोनियाचा पहिला अलेक्झांडर धावायला आला तेव्हा हा ग्रीक नाही म्हणून इतरांनी हरकत घेतली. त्याने आपलं कुळ आर्गोस या ग्रीक नगराचं असल्याचं पंचांना पटवलं आणि मग धावला.

फक्त रोमनांसाठी काढलेल्या शर्यतीला कुणी अतिशयोक्ती म्हणणार असेल तर त्याने रोमन सम्राट नीरोकडे पाहावं. इ.स. ६५ ची स्पर्धा त्याच्या सोयीसाठी ६७ मध्ये घेतली. नव्हती ती गाण्याची स्पर्धा घातली, कारण साहेब गात. दहा घोड्यांचा रथ स्वतः हाकताना साहेब खाली पडले, पुन्हा चढले, तरी शर्यत पुरी झाली नाही, आणि तरीही मुकुट त्यांनाच. त्या दौऱ्यात ग्रीसभर मिळून त्याने १,८०८ मुकुट गोळा केले. पंचांना अडीच लाख द्राख्मा दिले. तो मेल्यावर पुढच्या सम्राटाने, गाल्बाने, ते वसूल करून घेतले. गोसिनीने हे जसंच्या तसं लिहिलं असतं तर विनोद फार ताणला असं म्हणाले असते.

'खेळांसाठी युद्धं थांबत'

शस्त्रसंधी होती. एलिसचे दूत गावोगाव जाऊन ती पुकारत. पण तिचा हेतू मर्यादित होता: ऑलिम्पियाला येणाऱ्या-जाणाऱ्यांना वाटेत कुणी हात लावू नये आणि एलिसच्या भूमीवर सैन्य आणू नये. बाकी ग्रीसने आपापसात लढायला आडकाठी नव्हती. अथेन्स आणि स्पार्टाचं युद्ध इ.स.पू. ४३१ ते ४०४ चाललं. मधल्या ऑलिम्पिकांसाठी ते कुणी आवरतं घेतलं नाही.

इ.स.पू. ४२० ला स्पार्टाने संधीच्या काळात लेप्रियमला एक हजार सैनिक पाठवले. माणशी दोन मिना (तेव्हाचं चलन), असा दोन हजार मिना दंड झाला. तो भरला नाही म्हणून स्पार्टाला स्पर्धेतून बाहेर काढलं. आता स्पार्टन चालून येतील या भीतीने आर्गोस आणि मँटिनियाचे हजार-हजार सैनिक आणि अथेन्सचे घोडेस्वार पहाऱ्याला ठेवून स्पर्धा घ्यावी लागली. लिकास नावाच्या स्पार्टन श्रीमंताने आपला रथ बिओशियाच्या नावावर उतरवला, तो जिंकलाही. मालक मी आहे हे दाखवायला तो मैदानात येऊन सारथ्याला मुकुट घालू लागला आणि सगळ्यांदेखत फटके खाऊन परतला.

त्याहून वरचढ प्रसंग इ.स.पू. ३६४ चा. आर्केडियनांनी ऑलिम्पिया बळकावून पिसाच्या लोकांच्या मदतीने स्पर्धा भरवली. पेंटॅथ्लॉनमधली कुस्ती चालू असतानाच एलिसचं सैन्य चालून आलं आणि देवळाच्या पवित्र आवारातच लढाई जुंपली. झेनोफन आणि डिओडोरस या दोन्ही इतिहासकारांनी ती नोंदवलीय. डिओडोरस सांगतो की डोक्यावर मुकुट घातलेले प्रेक्षक सुरक्षित जागी उभे राहून दोन्ही बाजूंच्या पराक्रमाला टाळ्या देत होते.

'स्त्रियांना तिथे काहीच स्थान नव्हतं'

या मुद्द्यावर कॉमिक आणि मजकूर एका बाजूला आहेत आणि दोघंही अपुरे. विवाहित स्त्रीला बंदी होती आणि सापडल्यास कड्यावरून ढकलायची शिक्षा होती, हे खरं. पण पॉसेनियसच्या म्हणण्याप्रमाणे कुमारिकांना मज्जाव नव्हता आणि डेमीटर देवीची पुजारीण तर मानाच्या जागी बसून खेळ पाही. ऱ्होड्सच्या डायागोरस या विजेत्याची मुलगी कॅलिपाटेरा वस्तादाचा वेश करून मुलाबरोबर आली. पोरगा जिंकल्यावर आनंदाने कुंपणावरून उडी मारली आणि पितळ उघडं पडलं. बाप, भाऊ आणि मुलगा सगळे विजेते, म्हणून तिला सोडून दिलं. पुढे वस्तादांनीही उघड्या अंगानेच यावं असा नियम झाला. स्पार्टाची राजकन्या किनिस्का इ.स.पू. ३९६ आणि ३९२ ला रथांची मालकीण म्हणून दोनदा जिंकली, आणि असा मुकुट मिळवणारी ग्रीसमधली मी एकटी स्त्री, असं तिने ऑलिम्पियातच कोरून ठेवलं. मुलींसाठी हेरा देवीचे वेगळे खेळही तिथेच होत. धावपट्टी पुरुषांच्या पाच-षष्ठांश.

'जिंकण्यापेक्षा भाग घेणं मोठं'

हे १९०८ च्या लंडन ऑलिम्पिकचं, एका बिशपच्या प्रवचनातून आधुनिक ऑलिम्पिकच्या जनकाने, कुबर्तँने, उचललेलं. ऑलिम्पियात दुसऱ्या क्रमांकाला काहीही नव्हतं. हरलेली पोरं गल्लीबोळांतून तोंड लपवत आईकडे परततात, असं ग्रीक कवी पिंडर लिहितो. मशालीची दौडही प्राचीन नाही, ती १९३६ ची, हिटलरच्या बर्लिनमधली. मॅरेथॉन १८९६ ची, एका फ्रेंच भाषाशास्त्रज्ञाची सूचना. पुढे चला.

राहता राहिल्या कॉमिकच्या खऱ्या चुका. त्या आहेत आणि मजकूरवाल्यांना त्यांतली एकही दिसलेली नाही. ॲस्टेरिक्सच्या गोष्टी घडतात इ.स.पू. ५० मध्ये. ऑलिम्पिक इ.स.पू. ७७६ पासून दर चार वर्षांनी, म्हणजे ५२ ला झालं आणि मग ४८ ला. गॉलवाले पोहोचले तेव्हा मैदानात गवत असायला हवं होतं. दुसरं, पुस्तकात खेळाडू कपडे घालून धावतात. खरे ग्रीक अंगाला तेल चोळून नागवे उतरत, पण लहान मुलांच्या पुस्तकात ते कसं दाखवणार. आणि तिसरं, उदेर्झोने रंगवलेलं ते टापटीप ऑलिम्पिया! भर उन्हाळा, चाळीसेक हजार माणसं, झ्यूसला शंभर बैलांचा बळी. माश्या इतक्या की त्या हाकलणाऱ्या झ्यूसची तिथे वेगळी पूजा होई. पाण्याची नीट सोय झाली ती इ.स. दुसऱ्या शतकात, हेरोडिस ॲटिकस या धनिकाने स्वखर्चाने कारंजं बांधलं तेव्हा. उन्हाने भाजत नाही का, गर्दीत चेंगरत नाही का, अंघोळीचे हाल होत नाहीत का, असं तत्त्वज्ञ एपिक्टेटस आपल्या शिष्यांना विचारतो. तेव्हा कॉमिकवर टीका करायचीच असेल तर ती याच मुद्द्यावर व्हावी: त्यांनी ऑलिम्पिया फारच स्वच्छ दाखवलं.